घटस्फोट चालू असताना घर गळायला लागलं तर

मृग जवळ आला की माझ्याकडे दर वर्षी हा प्रश्न एकदा तरी येतोच. "कोर्टात केस चालू आहे, घर दोघांच्या नावावर आहे आणि आता दुरुस्ती निघालीय. खर्च कुणी करायचा? मी पैसे घातले तर ते बुडाले का? त्याच्याकडून घेतले तर मी मिंधी झाले का?" पुरुषही हेच विचारतात, फक्त त्यांचे शब्द वेगळे असतात: "राहणार ती आणि कौलं घालणार मी होय?"

उत्तराआधी आपल्या बेळगावच्या शहापुरातल्या एका घराची गोष्ट सांगते. नावं सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर जुनं. पुढे सोपा आणि माजघर कौलारू, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीवर स्लॅब. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दोघांनी मिळून घेतलेलं, खरेदीखत दोघांच्या नावानं, कर्जही दोघांच्या नावानं. तो उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, पगार 42 हजार. ती खासगी शाळेत शिक्षिका, पगार 14 हजार. वेगळं राहायला लागून सव्वा वर्ष झालेलं. तो भावाकडे वडगावला आणि ती सहावीतल्या मुलीला घेऊन याच घरात. घटस्फोट दोघांच्या संमतीनं घ्यायचा हे ठरलं होतं. अडलं होतं ते घरापाशी.

ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आली. पिशवीतून मुलीची तीन वह्यांची चळत काढून तिनं माझ्यासमोर ठेवली. पानं फुगलेली, शाई पसरलेली. "रात्रभर तीन ठिकाणी पातेली लावून बसलोय, मॅडम. मीटरच्या बोर्डाजवळनं पाणी उतरायलंय. आई म्हणते एक रुपया घालू नकोस, उद्या घर त्याच्या घशात गेलं तर? आणि नाही घातला तर डोक्यावर पडायचं."

इथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही भीती वेगळी सांगावी लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात किती जुन्या भिंती बसल्या ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. आणि कोर्टाचं काम आपल्या वेळेनं चालतं. हिंदू विवाह कायद्यात संमतीच्या घटस्फोटासाठी अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर आणखी सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने योग्य कारण असेल तर माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं आहे, पण ते कोर्टाच्या मनावर. म्हणजे सरळ चाललेल्या प्रकरणातसुद्धा मध्ये एक पावसाळा येतोच, बऱ्याचदा दोन.

सुतार येऊन बघून गेला होता. त्यानं एका कागदावर सगळं मिळून 1 लाख 72 हजार लिहून दिलं होतं. तो आकडा तिनं त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली फक्त "अर्धे पाठव" एवढंच. त्याचं उत्तर आलं, "वकिलाशी बोल." भांडण तिथून सुरू झालं.

मी त्याला वेगळं भेटले. तो चिडलेला असेल अशी माझी अपेक्षा होती, पण होता दुखावलेला. "अकरा वर्षं दर मे महिन्यात शाकारणी मी केलीय, मॅडम. स्वतः वर चढून. कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळ साफ करायची. यंदा मला विचारलंसुद्धा नाही. परका सुतार आणला आणि बिल पाठवलं." तिला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मे महिना गेला की. तो तरी कुठे विचारायला आला?"

अशा प्रकरणांत पैशाच्या आकड्याखाली बहुतेकदा हे असतं. तो पैसे देत नव्हता कारण देणं म्हणजे आपण आता नुसते बिल भरणारे आहोत हे कबूल करणं. ती स्वतः घालत नव्हती कारण घालणं म्हणजे एकटीनं सगळं ओढायला तयार आहोत हे कबूल करणं. हे समजून घेतलंच पाहिजे, पण समजुतीनं कौल जागेवर बसत नाही. त्यामुळे मी दुखण्याची चर्चा बाजूला ठेवली आणि सुताराचा कागद पुढे ओढला.

त्या कागदात तीन वेगवेगळी कामं एकात मिसळली होती. वाळवी लागलेले दोन वासे, रीपा, फुटकी कौलं, पन्हळ आणि मीटरजवळची वायर हे सगळं मिळून 46 हजार. हे काम थांबवलं तर घराचं नुकसान दर पावसाला वाढणार होतं. न्हाणीचा पाइप आणि ओल आलेल्या भिंतीचा गिलावा 22 हजार, तो पाऊस ओसरेपर्यंत थांबू शकत होता, किंबहुना ओल्या भिंतीवर गिलावा करण्यात अर्थही नव्हता. उरलेले 1 लाख 4 हजार स्वयंपाकघराच्या टाइल्स आणि रंगाचे. ते तिनं सुताराला "आता काढलंच आहे तर" म्हणून सांगितलं होतं. त्याला नेमकं तेच खुपलं होतं. माझं स्पष्ट मत आहे की केस चालू असताना घर वाचवण्याचा खर्च समोरच्याकडे मागावा, सजवण्याचा मागू नये. ज्याला टाइल्स हव्यात त्यानं स्वतःच्या पैशानं घालाव्यात आणि ते पैसे परत येतील अशी आशा धरू नये. रोजच्या वापरातलं, म्हणजे नळाचा वॉशर, बल्ब, गटार तुंबलं तर त्याची सफाई, हे जो राहतो त्याचं.

आता 46 हजार. इथे माझी चूक झाली आणि ती सांगायला हवी, कारण सगळे तीच करतात. नावं दोघांची आहेत तर निम्मे निम्मे, 23 हजार प्रत्येकी, असं मी सुचवलं. तो लगेच तयार झाला. ती गप्प बसली. रात्री तिचा फोन आला, "मॅडम, 23 हजार म्हणजे माझा दीड महिन्याच्या वरचा पगार. मुलीची फी या महिन्यात आहे. मी नाही म्हटलं असतं तर मीच अडवते असं झालं असतं." तिचं बरोबर होतं. मालकी निम्मी असली तरी आज खिशात काय आहे ते निम्मं नव्हतं.

त्यानंतर मी या दोन गोष्टी कायमच्या वेगळ्या केल्या. आज पैसे कोण काढतो ते मिळकतीवर ठरवायचं. शेवटी तो खर्च कुणाच्या नावावर पडतो ते मालकीवर ठरवायचं. दोघांच्या पगाराचं प्रमाण तीनास एक होतं. म्हणून त्यानं 34 हजार 500 भरायचे, तिनं 11 हजार 500. त्याच्या निम्म्या वाट्यापेक्षा त्यानं जे 11 हजार 500 जास्त भरले, ते घराचा अंतिम हिशेब होईल तेव्हा तिच्या वाट्यातून वळते करायचे. तिला आज श्वास मिळाला, त्याचा रुपया बुडाला नाही. मिंधेपणाचा प्रश्न उरला नाही, कारण ही उसनवारी लिहून ठेवलेली होती.

लिहून ठेवणं हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. एक पानाचा कागद झाला. त्यात कोणतं काम, किती रक्कम, कोण किती भरणार, जास्तीचे कधी आणि कसे वळते होणार हे होतं. निघालेलं जुनं सागवान सुताराला देऊन मजुरीत धरायचं, हेही लिहिलं. हसण्यासारखी बाब नाही ही, त्या दोन वाशांवरून त्याच्या भावानं वेगळं भांडण काढलं होतं. आणि शेवटी एक वाक्य: या खर्चामुळे घरातला कुणाचाही हक्क वाढत नाही की कमी होत नाही, आणि पोटगीशी याचा संबंध नाही. कागद दोघांच्या वकिलांना आधी दाखवला, मग सह्या झाल्या. पैसे रोख दिले नाहीत. दोघांनी आपापल्या खात्यातून सुताराला आणि लाकडाच्या वखारीला परस्पर पाठवले, पावत्या आणि कामाआधीचे व नंतरचे फोटो दोघांकडे राहिले.

पोटगीचं वाक्य मी आग्रहानं घालायला लावते. कोर्टानं दरमहा काही रक्कम ठरवून दिली असेल तर "कौलांना दिले, म्हणून यंदा पोटगी कमी" असं स्वतःच्या मनानं कापता येत नाही. बदल हवा असेल तर तो कोर्टाकडे मागायचा. कर्जाच्या हप्त्याचंही तसंच आहे. दोघांच्या सह्या आहेत तोवर बँकेला तुमच्या केसशी देणंघेणं नसतं, हप्ता चुकला तर दोघांचीही पत खराब होते.

आणखी एक, खास आपल्या भागातलं. त्याच्या वकिलांनी पहिला मसुदा कन्नडमध्ये पाठवला होता. ती मराठी शाळेत शिकलेली, कन्नड बोलते पण कायद्याचं कन्नड तिला वाचता येत नाही. लाजेनं ती सही करायला निघाली होती. आपल्याकडे हे फार होतं. घराचा उतारा, घरपट्टीची पावती, कोर्टाची नोटीस, सगळं कन्नडमध्ये, आणि "काय लिहिलंय ते सांगा की" असं म्हणायचा संकोच. जे वाचता येत नाही त्यावर सही करू नका. तिचा कागद आम्ही मराठीत केला, वकिलांनी कोर्टासाठी त्याचा कन्नड मजकूर वेगळा केला. वकिलाची फी परवडत नसेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिची मिळकत कितीही असली तरी, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा असतो. हे माहीत नसलेल्या शिकलेल्या बायका मला दर महिन्याला भेटतात.

पण ही सगळी मांडणी घर दोघांच्या नावावर असतानाची आहे. घर सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर गणित फार वेगळं. आपल्याकडे लग्न मोडलं म्हणून घर आपोआप निम्मं होत नाही, कागदावर नाव कुणाचं ते बघितलं जातं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि ते घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी तो मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये म्हटलं. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. पाटल्या मोडून सासऱ्यांच्या घरावर स्लॅब टाकलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. कळकळीनं सांगते, असं करू नका. छत धोक्याचं असेल तर वकिलामार्फत दुरुस्तीची किंवा दुसऱ्या निवाऱ्याची मागणी कोर्टात करा.

आणि जिथे मारहाण झाली आहे, धमक्या आहेत, तिथे यातलं काहीही समोरासमोर बसून करायचं नाही. दुरुस्तीच्या निमित्तानं तो घरात येणार नाही हे आधी बघायचं, आणि सगळं वकिलांमार्फत.

या दोघांत ती भीती नव्हती. तरीही तो घरी आला नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. त्यानं फक्त सुताराला फोन करून सांगितलं, मधल्या वाशाच्या टोकाला आतून वाळवी आहे, वरून दिसत नाही, ठोकून बघ. सुतारानं ठोकून बघितलं, टोक भुगा होऊन हातात आलं. ती मला हे सांगताना थोडी थांबली होती. तिच्या आईला मात्र लगेच वाटलं, "म्हणजे जमतंय वाटतं दोघांचं!" घरच्यांना माझी विनंती आहे, कौलं एकत्र घातली म्हणून संसार परत जुळला असा अर्थ काढू नका. त्या वाक्यानं ती पुन्हा आठवडाभर त्याचा फोन घेईना.

भिंतीचा 22 हजारांचा गिलावा दिवाळीनंतर झाला, त्याच प्रमाणात. टाइल्स झाल्या नाहीत. संमतीच्या अटींत घर विकून येणारी रक्कम निम्मी वाटायची ठरली, आणि दुरुस्तीच्या पावत्या त्या अर्जाला जोडल्या. त्याच्या वकिलांनी जास्तीच्या रकमेचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "घ्या की. ते आधीच लिहिलंय."

घराला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला. पुढचा मे आला. शाकारणी पुन्हा करायची होती, 9 हजारांची. त्या दोघांनी जुन्याच कागदाच्या पाठीवर नवीन हिशेब लिहिला, सह्या केल्या आणि काम उरकून घेतलं. मला ते काम झाल्यावर आठ दिवसांनी तिच्याकडून कळलं.