अवलिया, वाली आणि मवाली
चोपड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, शाळेच्या हस्तलिखितात अफाट स्मरणशक्तीचे अमेरिकन किम पीक यांच्यावर लिहिताना 'सॅव्हंट'ला, म्हणजे मेंदूत उणीव असूनही एखाद्या बाबतीत विलक्षण प्रतिभा असलेल्या माणसाला, 'अवलिया' म्हटले तर चालेल का. चालेल, 'स्वमग्न' (ऑटिस्टिक) मात्र लिहू नये. 'रेनमॅन' (१९८८) या चित्रपटातला रेमंड स्वमग्न आहे, म्हणून ज्यांच्यावरून तो सुचला त्या पीक यांनाही भाषणांत सर्रास स्वमग्न ठरवले जाते, आणि ते ऐकून आमचे कान किटले आहेत. त्यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टा जन्मतःच नव्हता. ही गोष्ट वेगळी.

आता 'अवलिया'. हल्ली वांग्याचे भरीत बरे करणाराही अवलिया ठरतो, पण शब्दाचे कूळ थोर आहे. अरबीत 'वली' म्हणजे निकटचा, ईश्वराचा सखा. 'औलिया' हे त्याचे अनेकवचन, जे निजामुद्दीन औलियांसारख्या एकाच व्यक्तीलाही आदराने लागले. त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब, आणि त्यांच्या नावाने फारुकी सुलतानांनी तापीकाठी वसवलेले बऱ्हाणपूर ही खानदेशाची जुनी राजधानी. हा शब्द मराठीत आला तो बऱ्हाणपूरच्या वेशीतूनच, असे माझे मत आहे. कागद मागणाऱ्यांनी खुशाल मागावा. आमच्या परिचयाचे एक निवृत्त प्राध्यापक तो संस्कृत 'अवलीला'तून काढतात. त्या व्युत्पत्तीत लीला आहे खरी, पण ती प्राध्यापकांची.

खरी गंमत पुढेच आहे. 'त्याला कोणी वाली नाही' यातला 'वाली' सुग्रीवाचा भाऊ नव्हे, तर त्याच अरबी धातूतून आलेला, जवळ उभा राहून सांभाळणारा पाठीराखा होय. 'मवाली'ही त्याच घरचा: तो 'मौला'चे अनेकवचन, आणि 'मौला' म्हणजे धनीही व आश्रितही, आपल्याकडे मात्र बिचाऱ्याच्या वाट्याला गल्लीचे नाकेच आले.

पीक यांच्या घरी यांतले दोन शब्द एकत्र नांदले. १९५१ साली सॉल्ट लेक सिटीत जन्मलेला हा माणूस डाव्या डोळ्याने डावे व उजव्याने उजवे अशी दोन पाने एकदम वाचून हजारो पुस्तके ध्यानात ठेवी, पण सदऱ्याची बटणे त्याला लावता येत नसत. ती वडील फ्रॅन लावत. पटकथाकार बॅरी मॉरो यांनी आपल्याला मिळालेली ऑस्करची बाहुली किमला दिली, आणि बापलेक ती घेऊन गावोगाव फिरले. सभेतल्या माणसांच्या हाती ती बाहुली देत किम, वेगळ्या माणसांना मान द्या, एवढेच सांगत. २००९ साली ते गेले.

तेव्हा बाई, 'अवलिया' लिहाच. पुढे 'अवलिये' असे अनेकवचन करावे लागले तरी बिनदिक्कत करा. मूळ शब्दच अनेकवचनी आहे म्हणून कोणी अडवले, तर 'मवाल्यां'चे तो काय करतो ते त्याला आधी विचारा.