न्यूट्रलमधली गाडी चढ कशी चढते? : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

सुट्ट्या संपल्या की लडाखची पत्रं येतातच, पण यावेळी मॅग्नेटिक हिलबद्दल इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं हा सगळा अंक त्यालाच देऊन टाकू.

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही घरचे सगळे श्रीनगरहून लेहला गाडीने गेलो. लेह ३० एक किलोमीटर राहिलं की मॅग्नेटिक हिल लागतं, तिथे रस्त्यावर पांढरा चौकोन आखलाय आणि बोर्डवर लिहिलंय की गाडी इथे न्यूट्रलमध्ये उभी करा. आम्ही केली, तर गाडी आपोआप चढावर जायला लागली!! ड्रायव्हर म्हणाला डोंगरात चुंबक आहे, मेव्हणा म्हणाला नजरेचा धोका आहे, आणि आमचे अण्णा गाडीतून उतरून हात जोडून उभे राहिले. तिथल्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं की हा स्वर्गाचा रस्ता आहे, पुण्यवान माणसाला तो आपोआप वर ओढून घेतो. नक्की खरं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, आधी अण्णांबद्दल बोलते. त्यांनी जे पाहिलं ते अगदी खरं पाहिलं, तिथे उभ्या राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो रस्ता चढच दिसतो, मलाही दिसला आणि सगळं माहीत असूनही दिसला. पण तो आहे उतार. गाडी उतारावरूनच चालली होती.

चुंबकाचं आधी मिटवून टाकू. टनभर वजनाची गाडी ओढणारं चुंबक डोंगरात असतं तर तुमच्या खिशातल्या लोखंडी किल्ल्याही त्याच बाजूला ओढल्या गेल्या असत्या. आणि अशा जागी रबरी चेंडू ठेवला तरी तो ‘वर’ जातो, पाणी ओतलं तरी ‘वर’ वाहतं. रबराला आणि पाण्याला कुठलं चुंबक ओढणार?

आता डोळ्याचं. आपल्या डोळ्याला स्वतःला लेव्हल कळतच नाही, तो ती आजूबाजूकडून उसनी घेतो. समुद्रावर किंवा मोकळ्या माळावर क्षितिजाची रेघ दिसते, गावात घरांच्या भिंती, खांब दिसतात, त्यांच्यावरून मेंदू ठरवतो की सपाट काय आणि तिरकं काय. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते खरी, पण गाडीत बसल्या बसल्या अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक तिला कुठला कळायला. त्या जागी घर नाही, झाड नाही, खरं क्षितिज डोंगरांमागे झाकलेलं, आणि चहूकडे जमिनीचे मोठेमोठे तिरके पट्टे. मग मेंदू त्या तिरक्या पट्ट्यालाच सपाट धरून बसतो आणि त्याच्या हिशोबाने रस्ता वर चाललाय असं आपल्याला सांगतो.

हे नीट तपासून पाहिलंय बरं का. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या पाओला ब्रेसान आणि पाविया विद्यापीठातले लुईजी गार्लास्केल्ली यांनी एका सहकाऱ्यासोबत टेबलावर असे रस्ते बनवले आणि लोकांना छोट्या भोकातून बघायला लावलं, २००३ मध्ये ते छापून आलं. नुसत्या फळ्यांच्या त्या मॉडेलमध्येही लोकांना उताराचा चढ दिसला, आणि त्यावर चिकटपट्टीचं छोटं रीळ सोडल्यावर तर ते ‘वर’ जाताना बघून लोक चकित झाले. सगळ्यात महत्त्वाचं काय निघालं तर दोन तीव्र उतारांच्या मधे हलका उतार आला की तो हलका उतार हमखास चढ वाटतो. सायकलवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं, घाट उतरून आलं की पुढे चढ दिसतो पण पेडल न मारता सायकल पळतेच आहे!

आणि स्वर्गाच्या रस्त्याची गोष्ट अण्णांपासून काढून घेऊ नका हो. ती गोष्ट सांगणाऱ्यांनी जे दिसलं तेच सांगितलं, पाणसळ नव्हती जवळ, मग डोळ्याला दिसलेल्या नवलाला त्यांनी आपल्या श्रद्धेतलं कारण दिलं. तिथून जवळच गुरुद्वारा पत्थर साहिब आहे, गुरू नानकांवर राक्षसाने ढकललेली शिळा मेणासारखी मऊ झाली अशी तिथली कथा. सिंधूकाठच्या त्या उजाड वाटेवर माणसं शतकानुशतकं जीव मुठीत धरून चालली असणार, त्यांनी वाटेवरच्या दगडांना आणि चढांना अर्थ दिले. मला ते फार मोलाचं वाटतं. फक्त गोष्ट ही गोष्ट म्हणून सांगावी आणि उतार हा उतार म्हणून, दोन्ही अण्णांना झेपेल, तुम्ही सांगून तर बघा.

एक मात्र हात जोडून सांगते, तिथे इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकची पॉवर जाते, किल्ली काढली तर स्टिअरिंगही लॉक होऊ शकतं, आणि गाडी हळूहळू २० च्या स्पीडपर्यंत जाते असं लोक सांगतात. तो हायवे आहे, मागून मिलिटरीचे ट्रक येत असतात. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, आणि एक माणूस बाहेर उभा राहून रस्त्यावर लक्ष ठेवणारा.

प्रश्न : ताई, मी ग्लासगोला असते. इथून खाली एअरशायरमध्ये इलेक्ट्रिक ब्रे नावाचा रस्ता आहे, तिथेही गाडी उलटी जाते. नाव इलेक्ट्रिक का? आणि डोंगर स्वतःच वस्तू ओढतो हे खरं आहे ना, न्यूटन तेच म्हणतो ना?

उत्तर : नाव जुन्या समजुतीवरून पडलं. वीज नवी होती तेव्हा जे कळत नाही ते विजेमुळे असं लोकांना वाटायचं, जसं आपल्याकडे हल्ली सगळं चुंबकामुळे. तिथे एक दगड लावलाय त्यावर सगळी मापं कोरलीत, साधारण पाव मैलाचा तुकडा, समुद्रसपाटीपासून एक टोक २८६ फुटांवर आणि दुसरं ३०३ फुटांवर, ८६ फुटांना १ फूट असा चढ, आणि दिसतो बरोबर उलटा. मला तो दगड फार आवडतो कारण त्याने गंमत लपवली नाही आणि मोडलीही नाही.

हा ८६ ला १ आकडा लक्षात ठेव, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. डोंगर ओढतो, अगदी खरं आहे, आणि ते पहिल्यांदा नीट मोजलं तुझ्याच स्कॉटलंडमध्ये. १७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन शिहॅलियन नावाच्या डोंगराच्या दोन्ही बाजूंना ओळंबा लावून बसले आणि ताऱ्यांशी ताडून पाहिलं की ओळंबा डोंगराकडे किती झुकतो (ताऱ्यांशीच ताडावं लागतं, कारण ओळंबाच झुकला तर पाणसळही त्याच्यासोबतच चुकणार). दोन्ही बाजू मिळून फरक निघाला ११.६ सेकंद, म्हणजे एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले साडेअकरा. एका बाजूचं धरलं तर किलोमीटरमागे जेमतेम ३ सेंटीमीटर. आणि गाडी आपोआप घरंगळायला साधारण १०० ला १ तरी उतार लागतो, म्हणजे किलोमीटरमागे १० मीटर! कुठे ३ सेंटीमीटर आणि कुठे १० मीटर.

मग हिमालय केवढा मोठा, तो तरी ओढत असेल, असं वाटेल. भारताच्या मोजणीत हाच पेच पडला होता. कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठिकाणांच्या अक्षांशांमधलं अंतर ताऱ्यांवरून आणि जमिनीवर मोजून अशा दोन पद्धतींनी काढलं तर ५ सेकंदांच्या आसपास फरक यायचा, तेव्हा कलकत्त्याचे पाद्री जॉन प्रॅट यांनी १८५५ च्या सुमारास हिशोब मांडला की हिमालयाने ओळंबा जवळपास १६ सेकंद ओढायला हवा होता. म्हणजे हिमालय अपेक्षेपेक्षा कमीच ओढत होता! त्यातून पुढे कळलं की उंच डोंगरांच्या खाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात. गाडी ओढणाऱ्या डोंगराच्या गोष्टीपेक्षा मला हीच गोष्ट जास्त थक्क करते.

प्रश्न : आमचा मुलगा टेक्सासला शिकायला आहे. त्याने सॅन अँटोनिओच्या रेल्वे रुळांबद्दल सांगितलं, तिथे गाडी थांबवली की अपघातात गेलेल्या शाळेतल्या मुलांचे आत्मे ती ढकलून रुळांपलीकडे नेतात, मागे पावडर टाकली तर छोट्या हातांचे ठसे उमटतात. मला रात्रभर झोप नाही लागली.

उत्तर : काकू, शांत व्हा. ती जागाही अशीच फसव्या उताराची म्हणून प्रसिद्ध झाली. ठसे म्हणाल तर ते गाडीवर आधीपासूनच असतात, डिकी उघडताना, गाडी धुताना उमटलेले, पावडर चिकटली की दिसतात, पोलीस ठसे घेतात तसंच. आणि तो अपघात सॅन अँटोनिओत झालाच नव्हता. १ डिसेंबर १९३८ ला दूर युटामध्ये, सॉल्ट लेक सिटीजवळ, बर्फाच्या वादळात शाळेच्या बसला मालगाडीने धडक दिली, २० हून जास्त जण गेले, बहुतेक शाळकरी मुलं. सॅन अँटोनिओच्या पेपरांत त्याच्या बातम्या दिवसेंदिवस येत राहिल्या आणि पुढे लोकांच्या मनात ते दुःख आपल्याच गावच्या रुळांवर येऊन बसलं, असं सांगतात. मुलं गेली ती परत कुणाला इजा करायला नाही तर वाचवायला येतात असं लोकांनी मानलं, यात भीतीपेक्षा माया जास्त आहे असं मला तरी वाटतं.

प्रश्न : मी जुन्नर भागात शाळेत शिकवतो. मुलांना हे कसं दाखवू? आणि नाणेघाटातला उलटा धबधबा हाही असाच भास का?

उत्तर : सर, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या घ्या, पहिली आणि तिसरी चांगली उतरती ठेवा, मधली अगदी किंचित उतरती, खोक्याला भोक पाडून मुलांना एका डोळ्याने बघायला सांगा, मागचं क्षितिज दिसू देऊ नका. मग मधल्या पट्टीवर गोटी सोडा, ती ‘वर’ जाताना दिसली की वर्गात काय गोंधळ होतो बघा.

सहल गुजरातला गेलीच तर गीरमधल्या तुळशीश्यामजवळ असा रस्ता आहे, आणि छत्तीसगडला मैनपाटमध्ये उल्टा पानी म्हणून जागा आहे जिथे पाण्याचा ओहोळच चढताना दिसतो. तिथे गवंड्यांकडचा लेव्हल पाईप घेऊन जा. १० मीटर अंतरावर दोन टोकं धरा, दोन्हीकडे पाणी एका पातळीत येणारच, मग पाण्यापासून जमिनीपर्यंत टेप लावा, जिथे माप जास्त ती बाजू खाली. इलेक्ट्रिक ब्रेसारखा उतार असेल तर साडेअकरा सेंटीमीटरचा फरक येईल, मुलांना डोळ्याने दिसेल इतका. पाणी उतारावरूनच वाहतंय हे त्यांनी स्वतःच्या हाताने मोजू दे, तुम्ही आधी सांगू नका.

नाणेघाटाचं मात्र वेगळं आहे सर, तिथे भास नाही, पाणी खरंच वर जातं. पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून सरळ वर उसळतो आणि पडणाऱ्या धारेचे तुषार करून माथ्यावर फेकतो, आंबोलीजवळ कावळेसादला पण असंच होतं. वारा पडला की धार परत खाली. मुलांना न्याल तेव्हा कड्याच्या टोकापासून लांब उभं करा, भिजायला मागेही भरपूर होतं.