बोर्ड गेम: साडेपाचशे रुपये नेमके कुठे वाचवायचे?

तुमचं पत्र थोडक्यात असं: पुण्यात राहता, महिना ६२,००० हातात येतात, वर्षाला सहा बोर्ड गेम घेता. ओळखीच्या दुकानात ३,४०० ला मिळणारा गेम ऑनलाइन २,८५० ला पडतो. दुकानदार रविवारी टेबल देतो, गेम शिकवतो, म्हणून तुमचा जीव दुकानात; बायको म्हणते, साडेपाचशे जास्त का द्यायचे? आणि जाता जाता लिहिलंय की घरातल्या चौदा गेमपैकी पाच अजून सीलबंद आहेत, पाचही ऑनलाइन सेलमधले.

मला काळजी वाटते ती या शेवटच्या वाक्याची. सहा गेमांवर फरक होतो वर्षाला ३,३०० रुपये. तुमच्या पगाराला तो झेपतो. त्या पाच खोक्यांत मात्र साधारण १५,००० अडकलेत, म्हणजे साडेचार वर्षांचा फरक नुसता कपाटात पडून आहे. ३,४०० चा गेम वीसदा खेळलात तर बैठकीला १७० रुपये पडतात. २,८५० चा दोनदाच खेळलात, तर १,४२५.

म्हणून कधीच न खेळलेला गेम दुकानातूनच घ्या, तोही तिथे अख्खा डाव खेळून. ‘विंगस्पॅन’ खोक्यावरचे पक्षी पाहूनच आवडतो, पण तो बराचसा आपापल्या पटावर लक्ष ठेवून खेळायचा गेम आहे. घरच्यांना ‘कॅटन’ या गेममधली देवाणघेवाण, घासाघीस हवी असेल तर ‘विंगस्पॅन’ बाजूला पडेल, आणि हे टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. दुकानात शिकून मग ऑनलाइन मागवणं मला अजिबात पटत नाही. त्या टेबलाचं भाडं विक्रीतूनच निघतं. वर्षाला सहा गेम घेणारं गिऱ्हाईक आहात, तेव्हा थोडी सूट मोकळेपणाने मागा.

मित्राकडे भरपूर खेळून झालेला गेम, पत्त्यांचे स्लीव्ह (पत्ते जपणारी प्लास्टिकची पाकिटं), एक्स्पान्शन (आधीच्या गेमला जोडायची भर) खुशाल ऑनलाइन घ्या. तिथली सूट छापील किमतीवर मोजलेली असते. तुम्ही दुकानदार प्रत्यक्ष घेतो त्या रकमेशी ताडून पाहा, डिलिव्हरी धरून. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि छापील किंमत असायलाच हवी. नसेल तर परत करा. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. परदेशातून थेट मागवलंत तर सीमाशुल्क वाहतूक खर्च धरून लागतं, वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ तर नकोच. क्रेडिट कार्डावर त्यातल्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी शेवटी तुमच्याच माथी येतो.

आता दोन महिने खरेदी थांबवा आणि त्या पाचांतले हवे ते उघडून खेळा. उरतील ते सीलबंदच विका, सील फुटलं की भाव उतरतो. पुढचा गेम त्याच पैशांतून घ्या, आणि यंदा सहाऐवजी चारच.