स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये बाहेर जेवायचंय? दुपार साधा

नवीन असाल तर बाहेरचं मोठं जेवण दुपारीच उरका. सोमवार ते शुक्रवार, साधारण साडेअकरा ते दोन, बऱ्याच हॉटेलांत ‘डागेन्स लुंच’ असतं: एक मुख्य पदार्थ, त्याच पैशांत सॅलड, ब्रेड आणि बहुधा कॉफीही. त्याच हॉटेलात रात्री जेवलात तर खिसा चांगलाच हलका होतो. दीडनंतर मात्र पोहोचू नका, चांगलं ते संपलेलं असतं. जुलैत सुट्ट्यांमुळे कितीतरी ठिकाणी कुलूप दिसेल, आधी बघून निघा.

गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि नंतर पॅनकेक, ही जुनी रीत. सुपात डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्यावं. ‘वेगेटारिस्क’ म्हणजे शाकाहारी पदार्थातही अंडं असू शकतं. नको असेल तर ‘वेगान्स्क’, म्हणजे अंडं-दूधही नसलेलं, मागा.

मासळीसाठी 1874 सालचा, चर्चसारखा दिसणारा ‘फेस्केशोर्का’ बाजार. स्वस्तात मस्त हवं तर अंद्रा लाँगगातान रस्ता. हागा भागातला दालचिनीचा बन ताटाएवढा असतो. दोघांत एक पुरे, खरं तर तिघांतही. पैसे कार्डानेच द्या, रोख पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत. टिपेची सक्ती नाही.