एकरकमी करारावर सही करण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तुझ्या गाण्याच्या हक्कांचा करारनामा काल दोनदा वाचला. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी, एकरकमी मोबदल्यात’ या शब्दांवर नजर थांबली आणि शोलोम सेकुंडा आठवले, म्हणून सल्ल्याआधी त्यांच्याविषयी लिहितो.

सेकुंडा यांचा जन्म १८९४ मध्ये, आजच्या युक्रेनमधील अलेक्सांद्रिया येथे झाला. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना गाणारा हा बालगायक १९०७ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि पुढे तिथल्या यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतील, रंगभूमीचा संगीतकार झाला. १९३२ च्या एका संगीत नाटकासाठी जेकब जेकब्झ यांच्या शब्दांना त्यांनी चाल दिली: ‘बाय मिर बिस्तु शेन’, म्हणजे ‘माझ्या लेखी तू सुंदर आहेस’. नाटकाचे प्रयोग थांबले. पुढे गाण्याचे हक्क ३० डॉलरना विकले गेले आणि दोघांच्या वाट्याला प्रत्येकी १५ डॉलर आले.

त्यांना भोळे समजू नकोस. ज्या रंगमंचासाठी गाणे रचले, तिथल्या कमाईवरूनच त्यांनी त्याची किंमत केली, आणि तू नेमके तेच करतो आहेस.

हे गाणे न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये दोन कृष्णवर्णीय गायकांनी यिडिशमध्ये गायले, तेव्हा भाषा न कळणारे प्रेक्षक बेभान झालेले गीतकार सॅमी कान यांनी पाहिले. त्यांनी आणि सॉल चॅप्लिन यांनी त्याला इंग्रजी शब्द दिले आणि २४ नोव्हेंबर १९३७ रोजी अँड्र्यूज भगिनींनी ते डेका कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. ते ध्वनिमुद्रण कानाला हेडफोन लावून शांतपणे ऐक. चाल मायनर स्केलमधली, कोमल गंधाराची हुरहूर लावणारी. तिच्याखाली स्विंग या जॅझ शैलीचा उसळता ताल, आणि एकमेकींना बिलगून चाललेले तीन बहिणींचे आवाज. मुखड्याच्या ओळीचे मात्र भाषांतर केलेले नाही. ती मूळ रूपात ठेवून उरलेले इंग्रजी गाणे तिचा अर्थ समजावत राहते, त्यासाठी इटालियन आणि जर्मन शब्दही हाताशी घेते. १६ जानेवारी १९३८ रोजी जॅझ वादक बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हेच गाणे वाजवले, तेव्हा झिगी एल्मन यांचा ट्रम्पेट मध्येच पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नातील नाचाच्या धुनेकडे वळला. मला तो क्षण फार प्रिय आहे, कारण विकले गेलेले गाणे तिथे आपल्या घरचा सूर घेऊन वाजते.

त्या काळच्या अमेरिकी कायद्यात स्वामित्वहक्काची पहिली मुदत २८ वर्षांची होती. ती संपल्यावर, १९६१ मध्ये, हक्क सेकुंडा आणि जेकब्झ यांच्याकडे परत आले. पण गाण्याच्या भरभराटीची वर्षे तोवर उलटून गेली होती.

तुझी स्थिती त्यांच्यापेक्षा बरी आहे. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ध्वनिमुद्रणातील गीतकार आणि संगीतकार यांना हक्क घेणाऱ्या कंपनीच्या बरोबरीने रॉयल्टीचा, म्हणजे गाण्याच्या वापरातून येणाऱ्या मोबदल्याचा, वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. करारात कालावधी लिहिलेला नसेल तर तो ५ वर्षांचा मानला जातो आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. म्हणूनच तुझ्या करारनाम्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द मुद्दाम घातले आहेत. ते खोडून मुदत ठरवून माग, आणि देऊ केलेली रक्कम रॉयल्टीपोटी अग्रिम म्हणून घेण्याचा प्रस्ताव ठेव. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या, मुंबईतील इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या सदस्यत्वाचा अर्जही याच आठवड्यात भर.

कंपनीने शुक्रवारची मुदत दिली आहे, ती आठ दिवसांनी वाढवून लेखी मागून घे. रविवारी सकाळी करारनामा घेऊन घरी ये; थकलेल्या भाड्याचे काय करायचे ते आपण त्याच वेळी बघू.