संस्था नवी पद्धत स्वीकारते की नाही, हे कशावर ठरतं?

तुम्ही विचारलंय की एकच नवी पद्धत एका संस्थेत रुजते आणि दुसरीत नुसती कागदावर राहते, असं का. फायदा किती, खर्च किती, आधी थोडं करून पाहता येतं का, या गोष्टी मोजल्या जातातच. शेजारच्या संस्थेनं घेतलं म्हणून आपणही घ्यायचं, हेही फार चालतं. पण घेण्याचा निर्णय आणि रुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुजणं बरंचसं यावर ठरतं की प्रत्यक्ष काम करणाऱ्याला तोंड उघडता येतं का.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट, म्हणजे टीमनं एकेक मुद्दा तपासून खूण करायची यादी, घ्या. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी तीच पद्धत घेतली. २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. यावर वाद आहेत. मला पटतं ते असं: यादीवर खूण करणं सोपं असतं, पण तिच्या आधारे परिचारिकेनं सर्जनला थांबवणं अवघड असतं.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्णालयांत लहान छेदातून करायच्या हृदयशस्त्रक्रियेचा अभ्यास केला. या पद्धतीत सर्जनला हृदय पूर्वीसारखं उघडं दिसत नाही, इतरांनी सांगितलेल्या माहितीवर विसंबावं लागतं. यश सर्जनच्या ज्येष्ठतेवर किंवा रुग्णालयाच्या नावावर ठरलं नाही. जिथे प्रमुखानं ‘मला तुमची गरज आहे’ हे वागण्यातून दाखवलं आणि टीमनं आधी एकत्र सराव केला, तिथे पद्धत टिकली. म्हणून नवं काही आणताना मी आधी विचारेन, यामुळे कोणाचा अधिकार कमी होणार आहे? विरोध बहुतेक वेळा तिथूनच येतो, आणि त्याला ‘बदलाची भीती’ म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं आहे.

आणि वेळ द्यावा लागतो. कारखान्यांत वीज आली तेव्हा अनेकांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी मोटर बसवली, पण एकाच इंजिनाची ताकद सगळ्या यंत्रांना पोचवणारे छताखालचे लांब दांडे आणि पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन कामाची मांडणीच बदलली, तेव्हा उत्पादकता खरी वाढली. अमेरिकेत त्यासाठी १९२० चं दशक उजाडावं लागलं. पहिली वीजकेंद्रं सुरू होऊन तोवर सुमारे चाळीस वर्षं झाली होती.