इसार पावतीतली एक ओळ आणि रेड झोनमधलं घर

प्रश्न: पिंपरी-चिंचवडमधल्या रुपीनगर-तळवडे भागात आमचं दुमजली घर आहे. मिस्टरांनी १९९६ मध्ये नोंदणीकृत खरेदीखत करून जागा घेतली आणि खाली घर बांधलं. वरचा मजला २००८ मध्ये परवाना न घेता चढवला. ते तीन वर्षांपूर्वी मृत्युपत्र न करता गेले. मी, मुलगा आणि मुलगी आहोत, सासूबाई गावी दिरांकडे असतात. घर लष्कराच्या रेड झोनमध्ये असल्यामुळे बँका कर्ज देत नाहीत आणि दोन वर्षं गिऱ्हाईक टिकत नव्हतं. आता एक जण ३२ लाखांना तयार झाला. रेडी रेकनरनं (सरकारी दरानं) किंमत ४१ लाख येते. एजंटनं लिहिलेल्या इसार पावतीवर मी एकटीनं सही करून दोन लाख रोख घेतले. पावतीत ‘मिळकत निर्वेध व निजोखमी असून तिच्यावर कोणताही सरकारी निर्बंध नाही’ असं लिहिलंय. एजंट म्हणतो, रेड झोनमधलं घर विकता येत नाही, तेव्हा तो विषय काढू नका, खरेदीखत न नोंदवता नोटरी आणि कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार उरकू. मला झोप लागत नाही. काय करू?

उत्तर: ताई, झोप उडाली ते बरं झालं. खरेदीखत व्हायच्या आधी उडाली, म्हणून अजून सगळं सावरता येईल.

तुमचं घर विकायला कायद्याची आडकाठी नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठारापासून २००० यार्ड, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरपर्यंतचा जो पट्टा आपण रेड झोन म्हणतो, तो १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली येतो. लष्करी अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीशिवाय त्या हद्दीत बांधकाम उभारणं, वाढवणं, बदलणं यावर हा कायदा बंधन घालतो. मालकी दुसऱ्याच्या नावावर करायला तो मनाई करत नाही. (घर देहूरोड कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असतं, तर जमीन मुळात सरकारची आहे का हे आधी तपासावं लागलं असतं. तुमचं महापालिका हद्दीत आहे.) तेव्हा ‘रेड झोनमधलं घर विकता येत नाही, म्हणून नोटरी’ हे एजंटचं म्हणणं चुकीचं आहे.

खरा धोका पावतीतल्या त्या ओळीत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत न कळणारा महत्त्वाचा दोष सांगावाच लागतो. न सांगणं ही फसवणूक ठरते. एजंट म्हणेल, रेड झोन सगळ्या पिंपरी-चिंचवडला माहीत आहे, खरेदीदारानं चौकशी करायला हवी होती. तुम्ही फक्त गप्प राहिला असता, तर या युक्तिवादाला थोडीफार धार होती. करार कायद्याच्या कलम १९ मधला ‘घेणाऱ्याला सहज शोधता आलं असतं’ हा बचाव मौनासाठी मिळतो. जाणूनबुजून खोटं विधान केलं असेल, तर मिळत नाही. ‘कोणताही सरकारी निर्बंध नाही’ हे विधान आहे आणि खाली सही तुमची आहे, एजंटची नाही. उद्या त्यानं वर मजला चढवायला घेतला आणि नोटीस आली, की तो व्यवहार रद्द करून पैसे मागेल, वर पोलिसांतही जाईल. निगडीच्या सेक्टर २२ मधला खुद्द महापालिकेचा पुनर्वसन प्रकल्प रेड झोनमुळे कोर्टात अडकला. तिथे एका घराचा काय पाड?

म्हणून खरेदीदाराला या आठवड्यात लेखी कळवा: घर रेड झोनमध्ये आहे, वरच्या मजल्याला महापालिकेची आणि लष्कराची मंजुरी नाही (खालच्याला परवाना नसेल तर तेही), पावतीतली ओळ चुकीची आहे, इसार परत हवा असेल तर देते. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवाना नव्हे, तेव्हा तिच्या भरवशावर काही लिहू नका. सोबत झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा जोडा. ‘रेड झोनची हद्द कमी होणार आहे’ असं तोंडीसुद्धा बोलू नका. निवडणुका आल्या की ते ऐकू येतं, पण त्यावर कुणाला किंमत मोजायला लावायची नाही. माणूस निघून जाईल ही तुमची भीती मला कळते. पण ३२ लाखांत तो रेड झोनचाच भाव देतोय. त्याला बहुधा अंदाज आहे, आणि असे लोक खरं लिहून दिल्यावर टिकतात, असं मी पाहिलं आहे.

आता तुम्ही विचारलंच नाहीत ते. तुम्ही एकट्या हे घर विकू शकत नाही. हिंदू वारसा कायद्यात मुलगा, मुलगी आणि विधवेसोबत मृताची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. म्हणजे तुम्हा चौघांचा प्रत्येकी पाव हिस्सा आणि त्यात सासूबाईंचा एक. त्यांनी खरेदीखतावर सही करावी, किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. त्यांना पैसे हवे असतील तर तो त्यांचा हक्क आहे, उपकार नाही. हे दिरांमार्फत कळवू नका, गावी जाऊन स्वतः समोर बसून बोला.

इसार रोखीत घेतलात हीदेखील चूक झाली. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेता येत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. परत करताना पुन्हा रोख देऊ नका. चेकनंच द्या आणि सगळं तुमच्या सीएला आधी सांगा. किंमत रेकनरपेक्षा कमी असल्यानं मुद्रांक शुल्क ४१ लाखांवर लागेल, आणि फरक १० टक्क्यांहून जास्त असल्यानं तुमचा भांडवली नफाही आयकर खातं ४१ लाख धरून मोजू पाहील. खरेदीदारालाही सांगा, मधल्या फरकावर त्याला कर लागू शकतो. यावर उपाय आहे: सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून रेड झोनमुळे पडलेल्या भावाचा अहवाल घ्या आणि प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करा. दुसरं घर घेणार असाल, तर त्याची सवलत मिळेल का हेही सीएला विचारा.

नोटरी आणि कुलमुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. घर कागदोपत्री तुमच्याच नावावर राहील आणि पुढच्या नोटिसाही तुमच्याच दारात येतील.

चौघांच्या सह्यांनी नवं साठेखत (विक्रीचा करार) करून नोंदवा. त्यात आणि पुढे खरेदीखतात ही ओळ घ्या: ‘सदर मिळकत देहूरोड दारूगोळा कोठाराच्या प्रतिबंधित क्षेत्रात असून लष्कराच्या मंजुरीशिवाय नवीन वा वाढीव बांधकामास मनाई आहे, तसेच वरचा मजला विनापरवाना आहे, याची पूर्ण कल्पना खरेदीदारास देण्यात आली असून त्यांनी कागदपत्रे पाहून ती मान्य केली आहे.’ जुनी इसार पावती परत घ्या, तिच्यावर ‘रद्द’ लिहून दोघांच्या सह्या आणि तारीख घाला, आणि ती फाडून न टाकता फायलीत ठेवा.